देव गावाला गेले असताना

१

तोकुजी इनागाकीला सकाळी उठल्यावर आधी दात लागायचे आणि मग थट्टा. दात पेल्यात सापडायचे, थट्टा जिभेवर तयारच असायची. बायको फुमिए मिसोचं कढण ढवळत असली की हा मागून जाऊन हळूच म्हणायचा, "अगं, भूकंप." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी फुमिएचा हात गॅसच्या बटणाकडे जायचाच, आणि मग तोच हात पळीसकट त्याच्या पाठीत बसायचा. एकंदरीत संसार सुखाचा होता.

मुलगा ओसाकाला गेल्यापासून वरची खोली रिकामी होती. शहरातल्या विद्यापीठात शिकायला येणारी परदेशी मुलं हे दोघं ठेवून घ्यायचे. फुमिए म्हणायची, सोबत होते. तोकुजीला सोबतबिबत काही नको होती, त्याला फसवायला ताजी माणसं हवी होती. गावातली माणसं केव्हाच शिळी झालेली. हा आग लागली म्हणून ओरडत आला असता, तरी लोकांनी आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं असतं.

नॉर्वेच्या एका ताडमाड पोराला त्याने सांगितलं होतं, की यंत्रातून थंड पेयाची बाटली घेतली की यंत्राला कमरेत वाकून नमस्कार करायचा असतो. पोरगा वर्षभर वाकला. ब्राझीलच्या मुलीला सांगितलं, की टबात बसून गाणं म्हटलं नाही तर शेजाऱ्यांना वाईट वाटतं. ती गायली. शेजाऱ्यांना वाईट वाटायचं ते वाटलंच.

यंदा मंगोलियाची नोमिन आली होती. गाल लालबुंद, हाडापेराने दणकट, जनावरांची डॉक्टर व्हायला निघालेली. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर हाक मारायची लहानपणापासूनची सवय, त्यामुळे हळू बोलणं तिला येतच नसे. जपानी छान बोलायची, फक्त र आला की तिची जीभ घोड्यासारखी उधळायची. ती इकडे असतानाच तिचे आजोबा गेले. परीक्षा तोंडावर होती, जाता आलं नाही. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तोकुजीला 'आजोबा' म्हणायला लागली. तोकुजीने त्यावर थट्टा केली नाही. त्याच्या आयुष्यात असे प्रसंग फार थोडे.

२

जुन्या पंचांगातला दहावा महिना लागला. या महिन्यात देशभरातले सगळे देव इझुमोला सभेला जातात आणि देवळं रिकामी पडतात. बाकी ठिकाणी लोकांना त्याचं काही नसतं, ते रिकाम्या देवळापुढेही टाळ्या वाजवून मोकळे होतात. आमच्या गावात मात्र या महिन्यात टाळी वाजवत नाहीत. लोक टेकडीवरच्या देवळात जातात, पानं झाडतात, वाकून नमस्कार करतात आणि मुकाट परत येतात. पुजारी घंटेचा दोर वर गुंडाळून बांधून ठेवतो. बाहेरून फोटो काढायला येणाऱ्यांसाठी लाल कमानीपाशी 'टाळी वाजवू नये' अशी पाटी लावलेली असते. असं का, हे कोणी विचारत नाही. घरात माणूस नसताना लोकांची कडी वाजवू नये, त्यात विचारायचं काय.

नोमिनला परीक्षेसाठी देवाला साकडं घालायचं होतं. तोकुजीने तिला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की या महिन्यात देव जरा झोपाळलेला असतो, तेव्हा टाळी जोरात वाजवायची आणि वर हाकही मारायची, आहात का घरात म्हणून. हे सांगून तो मागच्या वाटेने तिच्याआधी टेकडी चढला. पाटीवर आपला कोट टांगला. मग देवळाच्या मागे, गाभाऱ्याच्या फळ्यांना खांदा लावून दबा धरून बसला. बेत सोपा होता. ती टाळी वाजवणार, देवाच्या वतीने हा मागून टाळी देणार, आणि मंगोलियाची वाघीण किंचाळत टेकडी उतरणार. नुसत्या कल्पनेनेच त्याला हसू फुटत होतं, ते त्याने मफलर तोंडात कोंबून दाबलं.

खडीवर पावलं वाजली. फळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला तिची लोकरीची टोपी दिसली, टोपीवरचा गोंडा दोनदा खाली गेला. मग टाळ्या. देवदारावरचे कावळे उठले.

"आहात का घरात?"

तोकुजीने हात वर केले. तळवे अजून वीतभर लांब होते, तेवढ्यात आतून टाळी वाजली.

पहिली टाळी बसकी होती, ओलं कापड दगडावर टाकावं तशी. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी, जराशी बरी. टाळी म्हणजे काय हे नुकतंच पाहून कुणीतरी स्वतः करून बघावं, तशा त्या टाळ्या होत्या. त्याच्या खांद्याला लागलेली फळी प्रत्येक टाळीला किंचित हलली.

पलीकडे नोमिन खो खो हसत होती. "आजोबा, आलं हं ऐकू," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा दोन टाळ्या वाजवल्या.

आतूनही लगेच दोन आल्या. या वेळी मधला वेळ बरोबर तिच्यासारखाच होता.

३

तोकुजी पुढे आला तेव्हा जाळीच्या दाराला कुलूप होतं. उंबऱ्यावर धूळ होती आणि धुळीवर देवदाराची सुई पडलेली होती, कोणी न हलवलेली. थंडीने लाकूड आकसतं, तोकुजीने स्वतःला सांगितलं. मग म्हणाला, खार असेल. मग त्याला प्रतिध्वनी सुचला आणि तो फार पसंत पडला. टेकडी उतरेपर्यंत तो प्रतिध्वनीलाच धरून चालला होता. घराजवळ आल्यावर त्याला आठवलं, की प्रतिध्वनी कधी आधी चुकून मग सुधारत नाही.

नोमिनने सगळी हकिगत फुमिएला रंगवून सांगितली. फुमिए मुळा किसत होती, तिने किसणी खाली ठेवली. पाटी झाकलीत, तिने विचारलं. तोकुजीने मान डोलावली. मुठीत मीठ घेऊन तिने मुलीच्या दोन्ही खांद्यांवर टाकलं, मयताहून आलेल्या माणसावर टाकतात तसं, आणि पुन्हा मुळा किसायला बसली. नोमिनला वाटलं, हीसुद्धा थट्टाच. तिने खांद्यावरचं मीठ चाटून बघितलं.

संध्याकाळी जेवणाआधी तोकुजी आंघोळीच्या टबात गळ्यापर्यंत बुडून बसला होता. न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे एक चिंचोळा बोळ आहे, तिथे मांजरसुद्धा आडवं होऊन जातं. त्या बोळातून दोन टाळ्या आल्या.

वरच्या खोलीची खिडकी सरकल्याचा आवाज झाला. नोमिनने वरून दोन टाळ्या वाजवल्या आणि ओरडली, "आजोबा, निदान आंघोळ तरी करा."

तोकुजीचे दोन्ही हात पाण्याखाली होते. ते त्याने बाहेर काढून पाहिले. मग पाण्यातून उठायचं त्याच्या जिवावर आलं, आणि पाणी थंड झालं तरी तो तसाच बसून राहिला.

४

पुजारी काझामा शेजारच्या गावाहून स्कूटरवर येतो आणि आल्यावर आधी स्कूटरचं वाईट बोलतो, मग हवेचं. तोकुजीने त्याला ते सगळं बोलू दिलं. मग पानं झाडण्यात मदत करता करता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं विचारलं. समजा, या महिन्यात कुणी अजाणता टाळी वाजवलीच, तर काय.

"वाजवली तर वाजवली," काझामा म्हणाला. "शहरातले लोक पाटी वाचतात कुठे?"

"आणि समजा, परत टाळी आली तर?"

काझामाचा झाडू थांबला. तो तोकुजीच्या चेहऱ्यावर थट्टा शोधत होता. बराच वेळ शोधून त्याला ती सापडली नाही, आणि न सापडल्याने तो जास्तच वैतागला.

"माझे वडील म्हणायचे, आली तर तिला टाळी द्यायची नाही. दिली की ते एक पाऊल पुढे येतं. आणि दारात येऊन हाक मारली, तर आहे म्हणायचं नाही." मग तो पुन्हा झाडायला लागला. "वडील पुष्कळ काही म्हणायचे. तोकुजी-सान, तुम्ही माझी फिरकी घेताय ना?"

तोकुजीने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

घरी येऊन त्याने नोमिनला समोर बसवलं आणि सगळं खरं खरं सांगितलं. देवळातली टाळी आपली नव्हती, बोळातलीही आपली नव्हती, काल सुकत घातलेल्या काकीफळांच्या माळांमागून आली तीही नव्हती. ती ऐकत गेली, तसतसे तिचे डोळे चमकत गेले. शेवटी तिने मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, की ही तर नॉर्वेवाल्या यंत्रापेक्षाही भारी. त्याने शपथ घेतली. ती म्हणाली, मागच्या महिन्यात खेकडे तिरके चालतात ते लाजून, हेही तुम्ही शपथेवरच सांगितलं होतं.

मग तो फुमिएकडे गेला. फुमिए म्हणाली, की लग्न ठरवायला तिचे वडील आले तेव्हा हा डोळे पांढरे करून मेल्याचं सोंग घेऊन पडला होता, आणि त्या दिवसापासून त्याच्या तोंडावर विश्वास ठेवणं तिने सोडून दिलं आहे. पण बोलताना ती त्याच्याकडे न बघता छताकडे बघत होती. वर गाद्यांचं कपाट आहे. त्याच्या सरकत्या दारामागून नुकतीच दोन वेळा टाळी झाली होती, आणि नोमिनने हसत हसत उत्तरही दिलं होतं.

"तुम्हीच ना?" फुमिएने हळू विचारलं.

तोकुजी तिच्यासमोर उभा होता. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. फळं सोलायची सुरी घेऊन ती पडवीत गेली.

टाळ्या रोज सुधारत होत्या. पहिली बसकी टाळी आता कुणाला आठवलीसुद्धा नसती. आताची टाळी भरदार होती, मोकळ्या मैदानावरची, तळव्याला तळवा पुरा लागणारी.

तोकुजीने शेवटचा उपाय केला. नोमिनला म्हणाला, महिना संपेपर्यंत शहरात मैत्रिणीकडे राहायला जा, वाटल्यास मी सामान पोचवतो. तिचा चेहरा असा पडला, की त्याला आपलीच जीभ चावावीशी वाटली. मी नकोशी झाले का, तिने विचारलं. एकदा घरच्या आजोबांजवळ नव्हते मी, आता तुम्हीही जा म्हणता. त्याने तो विषय तिथेच सोडला. पोरगी या घरात राहणार होती, टाळीला टाळी देणार होती, आणि तिला आवरेल असा एक शब्दही त्याच्याकडे शिल्लक नव्हता. सगळे त्याने आजवर मजेत उडवून टाकले होते.

५

मग त्याने गोंगाट सुरू केला. दिवसभर रेडिओ मोठा. टाळी आली की हातातलं झाकण खाली टाकायचं, खोकायचं, दार आपटायचं, म्हणजे वर ऐकू जाऊ नये. भांड्यांना पोचे आले. फुमिएने एरवी त्याला घराबाहेर काढलं असतं, पण ती नुसती वाकून झाकण उचलायची आणि परत त्याच्या हाताशी ठेवायची.

एका ढगाळ दुपारी ती शेजारी फळं सोलायला गेली होती. तोकुजी पुढच्या खोलीत शेगडीच्या टेबलाखाली पाय घालून बसला होता. वर नोमिन बैलाच्या हाडांची नावं घोकत होती. दुसऱ्या दिवशी परीक्षा. तिने वरून ओरडून सांगितलं, आजोबा, आज तरी रेडिओ बंद करा. त्याने बंद केला. त्या शांततेत बैलाच्या फासळ्या तेवढ्या ऐकू येत राहिल्या.

पुढचं दार दुधी काचेचं आहे. तोकुजीने सहज मान वळवली, तर काचेमागे कुणीतरी उभं होतं. उंची नोमिनची. डोक्यावर गोंड्याची टोपी. वर नोमिन मणक्यांवर आली होती.

काचेमागच्या आकाराने नमस्कार केला. माणूस वाकतो तेव्हा डोकं खाली येतं. इथे डोकं होतं तिथेच, तेवढ्याच उंचीवर राहिलं, आणि बाकीचं अंग मागे मागे जात राहिलं. मग परत जवळ आलं. मग दुसऱ्यांदा तसंच. कागदाची घडी घालून बघावी आणि चुकली आहे हे घालणाऱ्याला कळू नये, असं काहीतरी. तोकुजीच्या मनात आलं, काच जुनी आहे, काचेत सगळं वाकडंच दिसतं. हा विचार त्याने घट्ट धरला. मग टाळ्या वाजल्या, आणि तो सुटला. त्या टाळ्यांत आता काही म्हणजे काहीच चुकत नव्हतं.

"आहात का घरात?"

आवाज नोमिनचा. र घोड्यासारखा उधळलेला.

वरचे मणके थांबले. खुर्ची मागे सरकली. "आजोबा," जिन्यावरून हसण्याने भरलेला आवाज आला, "माझा आवाज कधी भरून घेतलात?" आणि पावलं धाडधाड खाली यायला लागली. टेकडीवरून हाक द्यायच्या आधी ती छाती भरून श्वास घेते, तो श्वास तोकुजीला ऐकू आला. आता ती उत्तर देणार होती. गप्प बस म्हणून सांगून ती गप्प बसली नसती, तिला ते थट्टेतलंच पुढचं वाक्य वाटलं असतं.

काचेमागचं डोकं जिन्याच्या रोखाने वर झालं होतं.

तोकुजी उठला. गुडघा टेबलावर आपटला. त्याने दोन टाळ्या वाजवल्या, आयुष्यात वाजवल्या नव्हत्या इतक्या जोराने, आणि म्हणाला, "आहे. मी आहे घरात. तोकुजी."

डोकं खाली झालं आणि त्याच्याकडे वळलं. दार सरकलं नाही. पण दुधी काचेवर, त्याच्या तोंडाच्या बरोबर समोर, वाफेचं एक वर्तुळ उमटलं, हळूहळू मोठं झालं आणि आकसलं. पुन्हा मोठं झालं. तोकुजीने बोट पुढे करून ते पुसलं. बोट ओलं झालं. वाफ आतल्या बाजूला होती.

"कोण होतं?" नोमिन शेवटच्या पायरीवर उभी होती.

"कोणी नाही," तो म्हणाला. "मीच."

तिने दार उघडून बाहेर डोकावलं. बाहेर तिची सायकल होती आणि ओला रस्ता होता. म्हाताऱ्याकडे बघून तिने कौतुकाने मान हलवली आणि ती परत बैलाकडे गेली.

६

त्यानंतर टाळी आली नाही. परीक्षा झाली, नोमिन चांगल्या गुणांनी पास झाली, फुमिएने आनंदाच्या दिवशी करतात तो लाल भात केला. तोकुजीला भूक लागायला लागली. रात्री झोपही लागायची, फक्त तो अलीकडे झोपेत घोरत नाही असं फुमिए म्हणाली, आणि इतक्या वर्षांनी कान मोकळे झाले म्हणून खूशही झाली.

महिना संपला. देव परत यायच्या सकाळी सगळं गाव टेकडीवर जमलं. थंडी कडक, श्वासांचा धूर, हातोहात तांदळाच्या गोड पेजेचे पेले. काझामाने घंटेचा दोर सोडला. लोकांनी दोनदा वाकून नमस्कार केला, आणि महिनाभर दाबून ठेवलेल्या टाळ्या एकदम सुटल्या. तोकुजीच्या डाव्या हाताला फुमिए, उजव्या हाताला नोमिन. पोरीची टाळी कानात दडे बसवणारी होती. ती ऐकून त्याचे डोळे भरून आले आणि त्यानेही हात जोरात एकमेकांवर आणले.

आवाज झाला नाही.

त्याला वाटलं, हातमोजे आहेत. हातमोजे नव्हते. त्याने पुन्हा टाळी वाजवली. तळवे झणझणले, लाल झाले. आवाज नाही. अशी मुकी टाळी त्याने पूर्वी एकदा वाजवली होती, थोरल्या भावाला निरोप देताना. मेलेल्या माणसापुढे टाळी वाजू द्यायची नसते, हात टेकायच्या आत थांबवायचे असतात. आता तर त्याने ते थांबवले नव्हते.

फुमिएने कोपर मारलं. "अहो, इथे तरी सोंग नको."

तेवढ्यात कुलूपबंद दाराआडून, गाभाऱ्यातून, कुणीतरी हसलं. घसा खरवडत, मध्येच दात खटकन वाजवत, तोकुजी हसतो तसं. सगळं गाव आधी चपापलं, मग सगळ्यांनी एकदम तोकुजीकडे वळून पाहिलं, आणि हशा पिकला. काझामा चिडून म्हणाला, काय यंत्र लपवलंत ते मुकाट्याने काढा. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. तोकुजीने तोंड उघडून सांगितलं, मी नाही. सांगितलं म्हणजे ओठ हलवले. लोक आणखीच हसले. न बोलता बोलायचं सोंग म्हाताऱ्याने किती हुबेहूब वठवलंय, यावर शेजारची बाई डोळे पुसायला लागली.

"आहात का घरात?" आतून तोकुजीच्या आवाजात कुणीतरी विचारलं. आणि मग ते उत्तरासाठी थांबलं.

"आजोबा, हे सगळ्यांत भारी," नोमिन म्हणाली. हसून हसून तिचे गाल ओले झाले होते. तिने हात वर केले, तळवे समोरासमोर आणले आणि छाती भरून श्वास घेतला.

तोकुजीने तिची दोन्ही मनगटं पकडली आणि फिरवून तिची पाठ देवळाकडे केली. तिला वाटलं, हा पुढचा भाग. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागली. तो धरूनच राहिला. पेज संपली, लोक हसत हसत टेकडी उतरले, काझामाने पाटी काढून खाली नेली. फुमिए दोनदा म्हणाली, अहो सोडा तिला, हात काळेनिळे होतायत. मग ती बोलायची थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. नोमिनचं हसूही हळूहळू ओसरलं होतं.

"आजोबा, दुखतंय," ती म्हणाली.

त्याने सोडलं नाही. आत अजून कुणीतरी थांबलेलं होतं.